ओल्या रंगाचं विमान

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर २०२५

कमालभाई, सलाम.

मी सुनंदा तांबे, मैमुनाची कॉलेजातली मैत्रीण. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत ते तिच्या लग्नात. तुमचा पत्ता तिनेच मस्कतहून कळवला. "फोन करू नकोस, भाईला ऐकू येत नाही. मोबाईलवरचं तो वाचत नाही. पत्र लिही," म्हणाली. मला पत्र लिहायला आवडतं, त्यामुळे अडचण नाही.

आता कामाचं. ज्या कॉलेजात मी तेहतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्याच्या मैदानावर एक हंटर विमान उभं आहे. हवाई दलाने निवृत्त करून दिलेलं. मी एन.सी.सी. बघत होते तेव्हा ते आलं. तेव्हापासून खाऱ्या वाऱ्यात उभं आहे. आता तिथे नवी इमारत व्हायची आहे आणि २२ डिसेंबरला हवाई दलाची माणसं येऊन विमान सुटं करून घेऊन जाणार आहेत. कुठे, ते अजून कुणी सांगत नाही.

झोया नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. लग्नाचे फोटो काढते, उत्तम काढते. तिने मला दाखवलं की परदेशात अशा जुन्या विमानांभोवती त्या काळचा तळ जसाच्या तसा उभा करतात. पिंपं, शिड्या, वाळूची पोती, त्या काळच्या कपड्यांतली माणसं. आणि मग फोटो काढतात. फोटो बघून सांगता येत नाही की हे आजचं आहे. मी ते पाहिलं आणि कमालभाई, या वयात मला रात्री झोप लागली नाही. आपलं विमान जाण्याआधी एकदा तरी १९७१च्या डिसेंबरातल्या सकाळी उभं करायचं, असं आम्ही ठरवलं आहे. प्राचार्यांनी एक दिवस दिला आहे, रविवार १४ डिसेंबर.

मैमुना वर्गात सगळ्यांना सांगायची, "माझा भाऊ लढाईत हंटर विमानांची इंजिनं सुरू करून द्यायचा." तसा माणूस पंचेचाळीस किलोमीटरवर जयगडला राहतो आणि मी त्याला विचारणार नाही, असं होणार नाही. चार प्रश्नांची उत्तरं हवी आहेत.

१. इंजिन सुरू करणारा माणूस विमानाच्या कुठल्या बाजूला उभा असे? हातात काय असे?
२. अंगात काय असे?
३. विमानाचा रंग आणि आकडे नेमके कसे होते?
४. विमानाभोवती काय काय ठेवलेलं असे?

शिवाय त्या दिवशी तुम्ही स्वतः यायचं आहे. निमंत्रणपत्रिकेवर तुमचं नाव घालते आहे. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.

सुनंदा

*

जयगड,
१८ नोव्हेंबर २०२५

सुनंदा, जयभीम.

तुझं पत्र पोचलं. मैमुनाच्या लग्नात जेवणाची पंगत ओळीत बसवणारी मुलगी तूच ना? तेव्हाही सगळे तुला घाबरत होते.

मला यायला जमणार नाही. गुडघे दुखतात, एसटीत पाय मुडपून बसवत नाही, आणि कान गेलेला माणूस चार लोकांत बसवला की लोक त्याच्याकडे बघून मोठ्याने हसतात आणि तोही उगाच हसतो. तुझं काम चांगलं आहे. अल्ला यश देवो.

प्रश्नांची उत्तरं देतो.

पहिला. सर्वसाधारणपणे जिथे उभं राहायला हवं तिथेच उभे राहत असत. ते सगळं सवयीने व्हायचं. आता इतक्या वर्षांनी सांगता येत नाही.

दुसरा. निळी डांगरी. उत्तर बंगालात आमचा तळ होता, चहाच्या मळ्यांच्या कडेला. डिसेंबरात धुकं असं की शेजारच्या माणसाचा आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. म्हणून डांगरीच्या आत लोकरी जर्सी, कानाला मफलर. इस्त्री कुणाचीच नसे.

तिसरा. वरून गडद हिरवा आणि गडद राखी, ढगांसारखे मोठे पट्टे. खालून फिकट. हिरवा म्हणजे आंब्याच्या जून पानाचा, कोवळ्या पानाचा नव्हे. दोन रंग मिळतात तिथे रेघ ओढलेली दिसता कामा नये, एक रंग दुसऱ्यात विरला पाहिजे. त्यासाठी रंगफवाऱ्याची तोटी जवळ धरायची नाही, हातभर लांब धरायची आणि मनगट थांबवायचं नाही. मनगट थांबलं की तिथे ओघळ आला. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून धुकं उठल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पण लढाईत धुकं उठायची वाट कोण बघणार? शेपटीवरचे आकडे काळे. त्यांची उंची वीत आणि चार बोटं. आकड्याची उभी रेघ जाड, आडवी तिच्याहून जराशी बारीक, नाहीतर लांबून आठाचा तीन दिसतो. पंखावरचं तिरंगी चक्र लढाई सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मंद करून घेतलं होतं. पांढरा भाग सगळ्यात आधी दिसतो, म्हणून त्यावर राखीचा पातळ हात.

चौथा. पिंपं, शिडी, लाकडी ठोकळे, बादल्या.

तब्येतीला जप.

कमाल

*

रत्नागिरी,
२३ नोव्हेंबर २०२५

कमालभाई, सलाम.

येणार नाही, हे उत्तर मला मान्य नाही. गुडघ्यांसाठी गाडी पाठवते. हसायचं तर कुणी हसून दाखवावं, मी तिथेच असेन.

इकडे काय धमाल उडाली आहे म्हणून सांगू! तळावर विमानं झाकायची जाळी हवी होती. झोया म्हणाली भाड्याने मुंबईहून मागवू. मी म्हटलं, रत्नागिरीत राहून जाळी भाड्याने आणायची? मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले. मालन नावाच्या बाईंच्या दोन बोटी आहेत. त्यांनी जुनी जाळी काढून दिली. "बाई, सोमवारी माझी जाळी नाय परत आली तर तुमच्या विमानाचा पंख काढून नेईन हां," म्हणाल्या. त्या जाळीत आम्ही हिरव्या-तपकिरी चिंध्या बांधतो आहोत. दिसतं अगदी खऱ्यासारखं. वास मात्र मासळीचा आहे. काल बघते तर विमानाखाली सहा मांजरं बसलेली. झोया डोक्याला हात लावून म्हणाली, "मॅडम, हवाई दलात मांजरं होती का?"

वैमानिक म्हणून रसायनशास्त्र शिकवणारा सर्वेश तयार झाला आहे. उंच आहे, मिशी आहे. पोटही आहे. दापोलीच्या शिंप्याने ओव्हरऑल शिवून दिलं, ते पोटावर बसत नाही. मी त्याला तीन आठवडे भात बंद केला आहे.

आणि मुख्य गोष्ट. विमान आम्ही धुतलं. तीस कॅडेट, दोन दिवस. शेवाळ, कावळ्यांची घाण, सगळं काढलं. शेपटीवरचे पुसट आकडे काळ्या रंगाने नव्याने काढले. मग मी त्यांच्याकडून मेण लावून घासून घेतलं. कमालभाई, विमान आरशासारखं झालं आहे. पंखात माझा चेहरा दिसतो. धुळीचा ठिपका राहिलेला मला चालत नाही, हे आता कॅडेटांच्या तीन पिढ्यांना माहीत आहे. फोटो पाठवते आहे. बघा आणि खूश व्हा.

निमंत्रणपत्रिका छापून आली. तीही सोबत आहे. तुमचं नाव सगळ्यात वर घातलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचं आहे. विसरलेले नाही.

सुनंदा

*

जयगड,
२७ नोव्हेंबर २०२५

सुनंदा,

हे काय करून ठेवलंस?

मेण? लढाईतल्या विमानाला मेण? अगं, विमानाचा रंग नवरीच्या बांगड्यांसारखा चमकवायचा असतो का? सकाळच्या तिरप्या उन्हात एवढंसं चकाकलं तरी वरून जाणाऱ्याला दहा मैलांवरून दिसतं. आम्ही एकेका विमानामागे दिवस घालवायचो ती चमक मारायला, आणि तू तीस पोरं लावून ती आणलीस! तुझा फोटो बघितला आणि मला चहा गेला नाही. ते हंटर नाही, हलवायाच्या दुकानातली परात आहे.

ताबडतोब कर. कोमट पाणी आणि साधा साबण, मऊ फडकं, मेण पूर्ण निघेपर्यंत. घासणी लावशील तर रंग जाईल आणि खालचा पत्रा चमकेल, ते आणखी वाईट. कोरडं झालं की शंखजिरे, म्हणजे अंगाच्या पावडरीत असते ती भुकटी, आणि थोडी काजळी एकत्र कर. कापडी पुरचुंडीत बांधून वरून हलकं आपटत जायचं, चोळायचं नाही. नाकाकडून शेपटीकडे, कारण वारा तसाच जातो आणि धूळ तशीच बसते. पंखाच्या पुढच्या कडेला कमी, चाकांजवळ जास्त. पायरीपाशी, जिथे रोज बूट लागतो, तिथे रंग झिजलेला दिसला पाहिजे. चक्राच्या पांढऱ्या भागावर एक हात जास्त.

तुमच्याकडची लाल माती अजिबात वापरू नकोस. जांभ्याची धूळ विमानावर दिसली की बंगाल संपला. चाकांखाली सड्याची कातळजमीन दिसते आहे फोटोत, ती पेंढ्याने झाक.

आकड्यातला तीन चुकलाय. त्याचं पोट खालच्या बाजूला मोठं हवं. कुणी काढला तो? त्याच्या हातून ब्रश काढून घे.

मांजरं राहू देत. आमच्याकडे होती.

पत्रिका बघितली. त्यावर मला काही लिहायचं नाही.

कमाल

*

रत्नागिरी,
१ डिसेंबर २०२५

कमालभाई, सलाम.

मेण निघालं. तीस कॅडेट पुन्हा दोन दिवस. त्यांनी माझ्याबद्दल आपसात काय म्हटलं असेल ते मला ऐकायचं नाही. चूक माझी होती, त्यांच्यासमोर तसं सांगितलं. शंखजिऱ्याचा प्रयोग शेपटीच्या एका कोपऱ्यावर केला. झोयाने फोटो काढला आणि ती ओरडलीच. तेवढाच कोपरा खरा वाटतो, उरलेलं विमान खेळण्यातलं.

आता दुसरं.

मी तेहतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. ज्याला प्रश्न येत नाही तो "सर्वसाधारणपणे" असं लिहून सुरुवात करतो. ज्याला येतो तो पुरवणी मागतो. तुम्ही इंजिनाच्या प्रश्नाला दोन ओळी दिल्यात आणि रंगाच्या प्रश्नाला पानभर. मेण लावलं म्हटल्यावर तुमचं जे पत्र आलं, तसं पत्र इंजिनवाला माणूस लिहीत नाही. इंजिनवाला म्हणाला असता, मेणाचं जाऊ दे, झाकण नीट बसलंय का बघ.

सरळ विचारते. तुम्ही हंटरची इंजिनं सुरू करत होतात का?

पत्रिका अजून माझ्या कपाटात आहेत. दीडशे. उत्तर येईपर्यंत एकही बाहेर जाणार नाही.

सुनंदा

*

जयगड,
४ डिसेंबर २०२५

सुनंदा,

नाही.

मी रंगारी होतो. तळाच्या एका टोकाला पत्र्याची शेड होती, त्यात आम्ही चौघं. विमानाच्या इंजिनाला मी आयुष्यात हात लावलेला नाही. लावला असता तर सार्जंटने हात तोडला असता.

तुला वाटेल हा माणूस पन्नास वर्षं खोटं सांगत आला. मी एकदाही सांगितलं नाही. पण एकदाही नाही म्हटलं नाही. जानेवारी बहात्तरमध्ये सुट्टीवर आलो. गणवेशात होतो. धक्क्यावर अर्धा गाव जमलेला. बाबा पुढे आले आणि सगळ्यांना म्हणाले, "माझा कमाल विमानं चालू करून देत होता. तो नसता तर एक उडालं नसतं." त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. आयुष्यभर दुसऱ्याच्या गलबतावर तांडेल म्हणून राबलेला माणूस, आणि त्या दिवशी त्यांची मान अशी वर! त्या दिवसांत लोक आमच्याकडे कसे बघत होते तेही तुला ठाऊक असेल. मी म्हणणार होतो, बाबा, मी नुसता रंग देतो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. म्हणालोच नाही.

मग मैमुनाने वर्गात सांगितलं. मग शाळेत पंधरा ऑगस्टला बोलावलं. मग कान गेले तर लोक म्हणाले विमानांच्या आवाजाने गेले. सुनंदा, आमच्या बाबांचेही कान साठीत गेले होते. त्यांनी कुठलं विमान ऐकलं होतं?

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. डिसेंबरच्या नऊ तारखेला पहाटे मी एका हंटरच्या पंखाखाली फळीवर उताणा पडून रंग देत होतो. आदल्या दिवशी पत्र्याचं ठिगळ बसवलं होतं, ते चमकत होतं. अर्धा हात मारून झाला आणि पळापळ सुरू झाली. हेच विमान जायचं होतं. सार्जंटने माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. रंग ओला होता. विमान ओल्या रंगानं गेलं. मी डबा हातात धरून दीड तास उभा होतो. मनात एवढंच की ते ठिगळ चमकलं तर? ते परत आलं तेव्हा पंखाखाली बघितलं. रंगाला धूळ, चिलटं, चहाच्या मळ्यातलं काय काय चिकटलं होतं. कुठल्याही मेहनतीने मला तसा मंद रंग साधला नसता. मी हसायला लागलो. सार्जंटला वाटलं पोरगा वेडा झाला.

माझी लढाई एवढीच. तिच्यासाठी कुणी पत्रिका छापत नाही. आता माझं नाव काढून टाक आणि मला बोलावू नकोस. गाव मला ज्या नावाने ओळखतो ते आता या वयात उतरवायची हिंमत नाही.

कमाल

*

रत्नागिरी,
८ डिसेंबर २०२५

कमालभाई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

खोटं छापलेली पत्रिका मी वाटणार नाही. तुमचं खरं तुमच्या परवानगीवाचून कुणाला सांगणार नाही. म्हणून पत्रिका वाटायच्याच नाहीत, असं ठरवलं. झोयालाही कारण सांगितलेलं नाही. मैमुनाला मात्र मी तुमच्या येण्याबद्दल आधीच लिहून बसले होते. तिने ते कुठे पसरवलं असेल तर माझा इलाज नाही.

आता विमानाचं ऐका. शंखजिरे मुलांकडून जमत नाही. ठिपके पडतात. आकड्यातला तीन तिसऱ्यांदा काढला, अजून चुकतो. सहा दिवस राहिले आहेत. इंजिन सुरू करणाऱ्याची मला गरज नाही, त्या विमानात इंजिनच नाही, हवाई दलाने काढून घेतलं आहे. रंगाऱ्याची गरज आहे आणि या जिल्ह्यात तो एकच आहे.

कुणाला काही सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. विमान असंच जाऊ द्यायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

सुनंदा

*

(पोस्टकार्ड)

जयगड, १० डिसेंबर

शनिवारी सकाळच्या एसटीने येतो. तोवर विमानाला कुणी हात लावू नये. काळा रंग, दोन नंबरचा चपटा ब्रश, फळी. सर्वेशला म्हणावं, मिशीची टोकं खाली.

कमाल

*

रत्नागिरी,
१७ डिसेंबर २०२५

कमालभाई, सलाम.

तुम्ही रविवारी कुणालाही न सांगता, न जेवता, दहाच्या एसटीने निघून गेलात. मी तुमच्यावर रागावले आहे. पण आधी हे लिहिते, कारण तुम्ही तिथे होतात तरी तुम्हाला ऐकू आलं नाही आणि तुम्ही वर मान करून बघितलंही नाहीत.

शनिवारी तुम्ही दिवसभर काम केलंत, त्याबद्दल आभार मानत नाही. आभार मानण्यापलीकडचं ते काम होतं. मी गणपतीची चित्रशाळा पाहिली आहे, मोठे मोठे लोक पाहिले आहेत, पण असं चालणारं मनगट पाहिलं नाही. संध्याकाळी तुम्ही शेवटचा आकडा काढून मागे झालात तेव्हा माझ्या तीस कॅडेटांपैकी एकही बोलत नव्हता. तेहतीस वर्षांत मला ते जमलं नव्हतं.

रविवारी पहाटे जाळ्यांखाली, पेंढ्यावर, दवाने ओलं झालेलं ते विमान झोयाने पाहिलं आणि ती रडायलाच लागली. मी म्हटलं, आधी फोटो काढ, मग रड. सर्वेश शिडीवर चढला. पोट आत होतं. मांजरं जागेवर होती. आणि तेवढ्यात जयगडहून ती गाडी आली. तुमचा पुतण्या फैझान, शेजारचे अद्नानशेठ, आणखी नऊ माणसं. मैमुनाने बंदरातल्या सगळ्यांना कळवलं होतं. तुमचा चेहरा मी पाहिला. पाटीवर चुना सांडावा तसा झाला होता.

झोया बिचारी, तिला काय माहीत! ती खुणा करत म्हणाली, "चाचा, तुम्ही इंजिनाजवळ उभे राहा, सुरू करतानाची पोझ द्या." तेव्हा तुम्ही जे बोललात ते तुम्हाला हळू वाटलं असेल. ते मैदानाच्या कुंपणापर्यंत ऐकू गेलं. "ते माझं काम नव्हतं. मी कधी केलं नाही. मी रंगारी होतो." आणि ब्रश घेऊन पंखाखाली फळीवर जाऊन आडवे झालात.

पुढचं ऐका. गाडीतून आलेल्या दोन मुलांना हसू आलं. ते मी लपवत नाही. एकजण म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं फुकटचा सलाम मारला." मी त्याच्याकडे पाहिलं.

फैझान म्हणाला, "चाचांनी आम्हाला खोटं सांगितलं?"

अद्नानशेठ म्हणाले, "कधी सांगितलं रे? तू ऐकलंस? मी साठ वर्षं शेजारी आहे, मी नाय ऐकलं. सांगितलं ते त्याच्या बाबांनी आणि मग आपण सगळ्यांनी. माझा सासरा तर म्हणायचा, तो कमाल बघ, विमानं चालू करतो, नाहीतर तू, तुझं बोटीचं मशीन पण चालू होत नाय. पंचवीस वर्षं ऐकलंय मी ते!" सगळे हसले. तुम्ही पंखाखालून एवढंच पाहिलंत की माणसं हसताहेत.

मग तुम्ही पाहिलंत की अद्नानशेठ पाठ फिरवून तरातरा निघून गेले. मला खात्री आहे, तुम्ही त्याच वेळी मनात एसटीचा विचार केलात. कमालभाई, ते गाडीकडे गेले होते. त्यांची बायको गुडघ्यांमुळे गाडीतच बसली होती. तिला हाताला धरून आणत होते. "उतर गो, चल. कमालने रंगवलंय बघ. पुन्हा बघायला नाय मिळणार." तिला खुर्ची दिली. ती विमानाकडे बघत बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "एवढं मोठं. आणि कुठे ओघळ नाय." तोवर तुम्ही मागच्या फाटकाने गेला होतात. फैझान तुम्हाला स्टँडवर शोधायला गेला. एसटी सुटली होती.

झोयाने त्या सकाळी चारशे फोटो काढले. तिने निवडलेला एकच पाठवते आहे. त्यात वैमानिक शिडीवर आहे, धुरकट उजेड आहे, जाळी आहे, पण सगळ्यात आधी नजर जाते ती पंखाखाली आडवं पडून वर हात केलेल्या म्हाताऱ्याकडे. तिला विचारलं, हाच का? ती म्हणाली, "मॅडम, बाकीचे सगळे त्या काळात असल्यासारखं करताहेत. हे एकटेच काम करताहेत."

फोटोखाली काय लिहायचं ते कळवा. तुमच्या शब्दांत. मी एक अक्षर बदलणार नाही.

विमान सोमवारी जाणार. कुठे ते आता कळलं आहे, नाशिकजवळ एका सैनिकी शाळेत. तुमच्या रंगासकट जाणार. अधिकारी बघून गेले, धुवायचं का विचारत होते. मी नको म्हटलं.

सुनंदा

*

जयगड,
३ जानेवारी २०२६

सुनंदा, जयभीम.

उत्तराला उशीर झाला. कारण पुढे लिहितो.

रविवारी घरी आलो तो दार लावून बसलो. पाच दिवस बाहेर पडलो नाही. शुक्रवारची नमाजही घरातच पढलो. फैझान दोनदा येऊन खिडकीतून काहीतरी ओरडून गेला, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्या वेळी खरंच ऐकू आलं नव्हतं, पण आलं असतं तरी तेच केलं असतं. शनिवारी तुझं पत्र आलं. उभ्याउभ्या वाचलं. अद्नानची बायको ओघळ नाही म्हणाली, ते वाक्य मी पुन्हा वाचलं. ती बाई पन्नास वर्षांत कुणाला चांगलं म्हणालेली मला माहीत नाही.

संध्याकाळी फोटो खिशात घालून धक्क्यावर गेलो. चहावाल्याच्या बाकावर सगळे होते. फोटो मधे ठेवला. म्हटलं, हे मी. हा माझा हात. हा ब्रश. आणि मग तुला लिहिलं होतं ते सगळं सांगितलं, शेड, चौघं, ओला रंग, चिलटं. माझ्या आवाजावर मला ताबा नाही, त्यामुळे समोरच्या होड्यांवरचे लोकही उठून आले. कुणी काय विचारलं ते कळत नव्हतं, म्हणून फैझान शेजारी बसून वहीत लिहून दाखवत होता. पहिला प्रश्न त्याने त्याचाच लिहिला. "चाचा, विमान परत आलं नसतं तर?" मी म्हटलं, तर मी आज इथे बसून बोललो नसतो. मग दुसरा कुणाचा तरी. "रंग कुठल्या कंपनीचा?" असे लोक.

शेवटी अद्नानने फैझानच्या हातातली वही ओढून घेऊन स्वतःच लिहिलं. त्याचं अक्षर तुला दाखवायला हवं, तू नापास करशील. लिहिलं होतं, "विमानाला चालतं, मग माझ्या होडीला काय झालं? चार वर्षं नाव पुसलंय. मला वाटत होतं गावात कुणी रंगाचा हात असलेला माणूसच नाय."

मी म्हटलं, हंटरसारखा मंद रंग देईन, चमकणार नाही. तो लिहितो, "मला चमकायलाच पाहिजे. धक्क्यावरनं दिसली पाहिजे." दोन दिवस यावर भांडण चाललं. शेवटी मधला मार्ग काढला. अंग मंद, नाव चमकणारं. काल डावी बाजू पुरी झाली. अक्षरांची उंची वीत आणि चार बोटं. त्याच्या मागे आणखी तीन होड्या ओढून ठेवल्या आहेत. मालकांना सांगून ठेवलंय, एका वेळी एकच, आणि कुणी माझ्या फळीवर बसायचं नाही.

फोटोखाली काय लिहायचं विचारलं होतंस. लिही, "हंटर, उड्डाणाआधी. रंग अजून ओला आहे." माझं नाव घालायचं तर घाल. पण आधी विमानाचं.

आता थांबतो. भरती यायच्या आत उजवी बाजू उरकायची आहे.

कमाल